कर्जाच्या वहीतले आपले नाव



गेल्या पावसाळ्यात येवल्याच्या आमच्या सल्ला केंद्रावर एक बाई आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत आयुष्यभराचे कागद. पैठणी विणतात. लग्न होऊन आल्या तेव्हा नवऱ्याच्या मागाशी बसून कांड्या भरायच्या. नवरा घर सोडून गेला तेव्हा त्याच मागावर स्वतः बसल्या आणि दोन मुले वाढवली. ज्या दोन खोल्यांत बारा वर्षे भाड्याने राहिल्या, त्या मालकाने विकायला काढल्या. बाईंनी धीर केला. भिशीतले आणि बचत गटातले पैसे एकत्र करून पंचवीस हजार इसार दिला, इसारपावती केली. दोन महिन्यांत खरेदीखत करायचे आणि बाकीची रक्कम बँकेच्या गृहकर्जातून उभी करायची, असे ठरले.

बँकेत अर्ज गेला. आठ-दहा दिवसांनी उत्तर मिळाले, “तुमचे सिबिल खराब आहे. तुमच्या नावावर थकीत कर्जे दिसतात.”

आमच्यासमोर बसून त्या म्हणाल्या, “ताई, मी कुणाचा रुपया ठेवला नाही. पण घरी आता कुणी मानायला तयार नाही. भाऊ म्हणतो, आम्हाला न सांगता पैसे उचललेस. मुलगा विचारतो, आई, खरे सांग, कुणाला दिलेस?”

कर्ज नाकारले गेले, एवढ्यावर हे थांबले नव्हते. संगणकातल्या एका नोंदीने घरात तिच्या चारित्र्यावर प्रश्न उभा केला होता. पुरुषाच्या नावावर थकबाकी निघाली तर लोक म्हणतात, धंद्यात बसला असेल. बाईच्या नावावर निघाली की विचारतात, पैसे कुणाला दिले?

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आहे. दहा वर्षे बायकांबरोबर रेशनकार्ड, पोटगी, वारसनोंद यांची कामे करते आहे. सातबारा मला वाचता येतो, फेरफार कळतो. पण हा कर्जाचा उतारा मी तोवर कधी हातात धरला नव्हता. माझा स्वतःचासुद्धा नाही. तो वाचायला मी बाईंबरोबरच शिकले. त्यातून जे कळले ते या अंकात तुमच्यापुढे ठेवते आहे.

ही वही कोण लिहिते?

आपण सगळ्या ‘सिबिल’ म्हणतो, पण ते एका कंपनीचे नाव आहे. ती २००० साली स्थापन झाली. आज देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका, वित्त कंपन्या, मायक्रोफायनान्सवाले आपल्या प्रत्येक कर्जाची माहिती या चारही कंपन्यांना पाठवतात. कर्ज कधी घेतले, किती घेतले, हप्ता किती दिवस उशिरा भरला, कर्ज मिटले की नाही, हे सारे त्यात असते. २०२५ च्या जानेवारीपासून ही माहिती निदान दर पंधरवड्याला पाठवणे बंधनकारक झाले आहे. त्यावरून ३०० ते ९०० मधला एक आकडा निघतो. कर्ज मागायला गेलो की बँक आधी तो आकडा बघते आणि मग आपल्याकडे.

या कंपन्यांना संसदेचा कायदा लागू आहे, पत माहिती कंपन्या (विनियमन) कायदा, २००५. त्याच्या कलम २१ मध्ये आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. कर्जाचा अर्ज केलेल्या व्यक्तीला बँकेने पाहिलेल्या माहितीची प्रत बँकेकडे मागता येते. आणि माहिती चुकीची असेल तर ती दुरुस्त करून मागता येते, त्यासाठी तीस दिवसांची मुदत आहे. “सिबिल खराब आहे” एवढे ऐकून मान खाली घालून परतायचे नाही. “मला त्याची प्रत द्या” असे म्हणायचे. बाईंनी तसे म्हटले नव्हते. कुणी सांगितलेच नव्हते.

शिवाय प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे. ही सोय २०१७ पासून आहे. चार कंपन्या, म्हणजे वर्षाला चार अहवाल विनामूल्य. आपला अहवाल आपणच पाहिला तर आकडा कमी होत नाही. बँकांमागून बँकांत अर्ज करत सुटलो तर मात्र त्या चौकश्यांची नोंद होते आणि तिचा परिणाम होऊ शकतो.

अहवालात काय निघाले

अहवाल मागवायलाच आधी अडचण आली. मोबाइलवर परवलीचा आकडा येतो आणि बाईंच्या नावाला जोडलेला मोबाइल मुलाच्या खिशात. कितीतरी घरांत असेच आहे. शेवटी मुलालाच केंद्रावर बोलावले. आईबरोबर बसून त्याने अहवाल पाहिला, हे एका अर्थी बरेच झाले.

अहवाल इंग्रजीत होता. आम्ही तो ओळीओळीने मराठीत लिहून काढला. गडबडीच्या तीन नोंदी सापडल्या.

पहिली नोंद त्यांच्याच कर्जाची होती. एका कंपनीकडून घेतलेले गटकर्ज त्यांनी शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडले होते. हप्त्यांचे कार्ड पिशवीत होते, त्यावर सह्या होत्या. अहवालात मात्र ते कर्ज चालू आणि थकीत. कर्ज मिटल्याची माहिती पुढे गेलीच नव्हती.

दुसरी नोंद दुसऱ्याच बाईची होती. दुसऱ्या तालुक्यातल्या शाखेतून घेतलेले कर्ज. या बाई त्या गावाला कधी गेलेल्या नाहीत. पण कर्जदार बाईचे नाव तेच, नवऱ्याचे नाव तेच, आडनाव तेच. आणि जन्मतारीखसुद्धा तीच, १ जून. आता ही १ जून कुठून आली, हे तुम्हांला सांगायला नको. आपल्याकडे ज्यांची जन्मनोंद नव्हती त्या मुलामुलींना शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकली. एकाच वर्षी, एकाच तारखेला ‘जन्मलेल्या’ एकाच नावाच्या बायका आपल्या जिल्ह्यात कितीतरी असतील. संगणकाने दोघींना एकीत घातले.

तिसरी नोंद नवऱ्याच्या गाडीच्या कर्जाची. बाई तिथे जामीनदार होत्या. सही त्यांचीच होती. “त्यांनी सांगितले इथे सही कर, मी केली.” नवरा गेला, गाडी गेली, हप्ते थांबले. ही नोंद चुकीची नव्हती. ती अन्यायाची होती, पण खरी होती. या फरकाकडे मी पुढे येते.

दुरुस्ती कशी करायची

आम्ही दोन पत्रे लिहिली. एक पत माहिती कंपनीला आणि दुसरे त्या त्या कर्ज देणाऱ्या संस्थेला. हे दोन्हीकडे एकाच वेळी करावे. कारण पत माहिती कंपनी स्वतःच्या मनाने नोंद बदलू शकत नाही. जिने माहिती पाठवली त्या संस्थेने चूक मान्य करावी लागते. पत्रात गोलगोल लिहू नये. कोणत्या संस्थेचे, कोणत्या खातेक्रमांकाचे कर्ज, अहवालात काय लिहिले आहे, खरे काय आहे आणि पुरावा कोणता जोडला आहे, एवढे मुद्देसूद लिहावे. फेडलेल्या कर्जासाठी हप्त्यांचे कार्ड, पावत्या आणि कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला. परक्या कर्जासाठी आपले पॅन, आधार, मतदार ओळखपत्र यांच्या प्रती, आणि हे कर्ज ज्या अर्जावर दिले त्या अर्जाची व त्यावरील सहीची प्रत दाखवा, अशी मागणी. तक्रारीचा क्रमांक किंवा पोच घेतल्याशिवाय जागचे हलू नये. तीस दिवस त्या तारखेपासून मोजायचे असतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने या तीस दिवसांना दात दिले. ही तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेने एकवीस दिवसांत दुरुस्त माहिती पाठवायची, पत माहिती कंपनीने उरलेल्या दिवसांत नोंद बदलायची. तीस दिवसांत तक्रार मिटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची. ज्याच्याकडून उशीर झाला त्याने ती द्यायची. दुरुस्तीची मागणी फेटाळली तर कारण सांगणेही त्यांच्यावर बंधनकारक आहे.

एवढ्याने भागले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पत माहिती कंपन्या सप्टेंबर २०२२ पासून या योजनेत आल्या आहेत. आधी कंपनीकडे किंवा संस्थेकडे लेखी तक्रार केलेली असावी आणि तीस दिवसांत उत्तर आलेले नसावे, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसावे. लोकपालाकडे पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

आणि ज्यांच्याकडे जाऊ नये तेही सांगते. तालुक्याच्या गावांत आता ‘सिबिल वाढवून मिळेल’ अशा पाट्या दिसतात. हजार-दोन हजार घेतात, आधार-पॅनच्या प्रती ठेवून घेतात, मोबाइलवर आलेला आकडाही विचारतात. खरी नोंद पैसे देऊन कुणालाही पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. मग ते कशाचे पैसे घेतात?

बाईंच्या घराचे काय झाले

फेडलेल्या कर्जाची नोंद एकोणिसाव्या दिवशी दुरुस्त झाली. परक्या बाईच्या कर्जाला बेचाळीस दिवस लागले. दोन स्मरणपत्रे गेली, फोन झाले. शेवटी ते कर्ज या बाईंचे नाही, असे मान्य झाले. उशिराच्या बारा दिवसांचे बाराशे रुपये खात्यावर जमा झाले.

पण बाई आमच्याकडे आल्या तेव्हाच इसाराच्या मुदतीतले तीनच आठवडे उरले होते. गटातल्या आम्ही चौघीजणी घरमालकाकडे गेलो. तो वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही मुलीच्या लग्नाला पैसे हवे होते आणि रोखीने घेणारे गिऱ्हाईक दारात उभे होते. त्याने अर्धा इसार परत केला आणि खोल्या दुसऱ्याला विकल्या.

बाई म्हणाल्या, “बाराशे रुपयांत त्या घराची एक चौकटसुद्धा येत नाही, ताई.”

मी गप्प बसले. मी त्या वेळी जे सांगू शकले नाही ते आज तुम्हांला सांगते. इसार देण्याच्या आधी उतारा पाहा. घर घ्यायचे मनात आले की जागा बघायला निघण्याआधी, निदान तीन-चार महिने आधी, चारही कंपन्यांचे अहवाल मागवा. एकीकडे दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे तशीच राहिलेली असू शकते, आणि बँक कोणता अहवाल बघेल हे आपल्या हातात नसते. चुकीला तीस दिवस लागतात, कधी अधिक. इसारपावतीवरची तारीख कुणासाठी थांबत नाही. आणि इसारपावती करतानाच, कर्ज मंजूर झाले नाही तर इसार परत मिळेल, अशी ओळ लिहून घ्या.

एका बाईची किती नावे?

हा प्रश्न पुरुषांनाही येतो, मग स्त्रियांच्या मासिकात तो कशासाठी, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या कागदांतच आहे. पुरुष जन्मभर एका नावाने जगतो. आपण लग्न केले की मधले नाव बदलते, आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलतात. पॅनवर वडिलांचे नाव, आधारवर नवऱ्याचे, बँकेत सासरचे आडनाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे. संगणक या चार कागदांवरून चार बायका समजतो. म्हणून आपण नियमाने फेडलेले कर्ज आपल्या खात्यावर दिसत नाही, आणि दुसरीचे थकलेले दिसते. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. आता त्याला हे आणखी एक व्यवहारी कारण मिळाले. ज्यांनी नाव बदलले आहे त्यांनी निदान सगळ्या कागदांवर एकच ठेवावे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. मायक्रोफायनान्सची कर्जे मुख्यतः बायकांना दिली जातात, कारण बाई हप्ता चुकवत नाही. कर्ज तिच्या नावावर, पैसा पुष्कळदा घरातल्या पुरुषाच्या हातात. बचत गटाच्या कर्जाची माहिती सदस्यवार पाठवण्याच्या सूचनाही रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये दिल्या. म्हणजे गटातल्या प्रत्येकीच्या नावापुढे आता नोंद होते. तिला ते माहीत नसते.

माग चालवणाऱ्या घरात कांड्या भरणाऱ्या बाईच्या श्रमाची नोंद कुठेही नाही. व्यापाऱ्याच्या वहीत नाव नवऱ्याचे. भिशीचा हप्ता तिने पंधरा वर्षे न चुकता भरला, त्याचीही नोंद नाही. तिच्या कमाईला वही नाही आणि कर्जाला मात्र चार वह्या आहेत.

आपल्या चळवळीने नावासाठी पुष्कळ भांडून घेतले आहे. १९८६ मध्ये आपल्या शेजारच्या चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने देशातले पहिले महिला धोरण आणले. एप्रिल २०२१ पासून राज्यात राहते घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. या सवलतीमुळे घरे बायकांच्या नावे होऊ लागली आहेत, हे चांगलेच आहे. पण घर तिच्या नावे म्हणजे कर्जही तिच्या नावे. त्या दारातून आत जाताना आज सातबाऱ्याइतकाच हा कर्जाचा उताराही तपासला जातो. सातबारा वाचायला शिकलो तसा हाही वाचायला शिकले पाहिजे.

खरी नोंद, पण न्याय्य नाही

आता त्या तिसऱ्या नोंदीकडे येते. नवऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलेल्या बाईला दुरुस्तीच्या अर्जाने सुटका नाही. जामीनदारावर कायद्याने फेडीची जबाबदारी असते. नवरा सोडून गेला, मारझोड करत होता, घटस्फोट झाला, यांतल्या कशानेही ती सही पुसली जात नाही. इथे खोटी आशा दाखवणे म्हणजे बाईची दुसऱ्यांदा फसवणूक होईल. संस्थेशी बोलून थकबाकी फेडणे आणि पूर्ण फिटल्याचा दाखला घेणे, हा एक रस्ता आहे. थोडे पैसे घेऊन तडजोड करायला संस्था तयार होते तेव्हा बाईला वाटते, प्रश्न मिटला. पण अहवालात ते कर्ज ‘तडजोडीने मिटवले’ असे दिसते आणि गृहकर्ज देणारी बँक ते बघून बिचकते. सही करण्याआधी ‘पूर्ण फेड’ आणि ‘तडजोड’ यांतला फरक समजून घ्या. आमच्या बाई ती थकबाकी आता हप्त्याहप्त्याने फेडत आहेत, ज्या गाडीवर त्या कधी बसल्यासुद्धा नाहीत तिची.

म्हणून पुढच्या पिढीला सांगायचे ते एवढेच, की “इथे सही कर” म्हटल्यावर “आधी वाचून दाखव” असे म्हणायचे. घरातल्या माणसाला असे म्हणणे सोपे नाही, मला ठाऊक आहे. कोऱ्या विश्वासावर सही करणे हा आपल्याकडे बाईचा गुण समजतात. त्या गुणाची किंमत आम्ही एका इसारपावतीवर मोजली आहे.

आपण काय करू शकतो

आमच्या केंद्राने ठरवले आहे, की दर महिन्याच्या गटाच्या बैठकीत एक तास उतारा वाचनासाठी ठेवायचा. दर वेळी दोघींचे अहवाल, त्यांची परवानगी असेल तरच, आणि त्यातली गोष्ट गटाबाहेर जाणार नाही या शब्दावर. पहिल्या महिन्यात मी माझाच ठेवला. चार वर्षांपूर्वी फेडलेले एक छोटे कर्ज त्यात अजून चालू दिसत होते! मला संकोच वाटला, आणि बायका हसल्या. मग तिघींनी हात वर करून सांगितले, पुढच्या वेळी आमचा.

आपल्या गावी तुम्हीही असे सुरू करा. काय सापडते ते आम्हांला लिहा. काही मागण्याही आपण मिळून केल्या पाहिजेत. कर्जाचा अहवाल आणि कर्जाची कागदपत्रे सोप्या मराठीत मिळावीत. शेवटचा हप्ता घेतला की न मागता कर्ज फिटल्याचा दाखला हातात द्यावा. जामिनाच्या सहीपूर्वी बाईला एकटीला, घरच्यांच्या पश्चात, तिच्या जबाबदारीची कल्पना द्यावी. आणि केवळ नाव व जन्मतारीख जुळली म्हणून एकीचे कर्ज दुसरीच्या माथी मारू नये.

त्या बाई परवा भेटल्या. दुसऱ्या दोन खोल्या बघून आल्या होत्या. विचारले, इसार दिला का? म्हणाल्या, “नाही ताई. आधी नवा उतारा मागवलाय. मुलानेच अर्ज केला.”

तुमच्या पत्रांची वाट बघते.